कोंडीरामाची पहाट

गावोगावच्या हौशी नाटक मंडळ्यांपाशी त्या काळी पडद्यांचा एक ठरलेला संच असे: राजवाडा, रस्ता, जंगल आणि झोपडी. भोसरीच्या कोंडीराम पेंटरांनी त्यात पाचव्या पडद्याची भर घातली, ती पहाटेच्या पडद्याची. १९६२ साली मोशीच्या जत्रेत तो प्रथम लागला आणि एकही नट रंगमंचावर येण्यापूर्वी प्रेक्षकांनी टाळी दिली. पुढे भोसरीपासून चाकणपर्यंत ज्या गावी नाटक ठरे, तेथील पंच आधी विचारीत, “कोंडीरामाची पहाट मिळंल का?” नाटक कोणते, हा प्रश्न नंतरचा.

पिंपरीच्या एका कारखान्यात मी वेळ-नोंदणी कार्यालयात होतो आणि कामगारांच्या नाट्यमंडळाचे चिटणीसपदही माझ्याकडे होते. पडदे ठरवणे, आणणे आणि आणले तसे परत पोचवणे हे माझे काम. त्यानिमित्ताने कोंडीरामांच्या घरी माझे जाणे-येणे सुरू झाले. उंच, हाडापेराने मोठा माणूस. बोटांच्या पेरांत गेरू कायमचा मुरलेला. ते खळ्यावर मांजरपाट अंथरीत, चुलीवर शिजवलेल्या सरसात खडू आणि रंग कालवीत, आणि काठीला बांधलेला कुंचला घेऊन अनवाणी त्या कापडावरून चालत रंगवीत. मध्येच काम टाकून शिडीने घराच्या कौलांवर चढत आणि तेथून खाली पाहत. “जवळून बगितलेलं आबाळ खोटं असतंय,” असे ते म्हणत.

पहाट त्यांनी मोशीच्या पुलावरून पाहून पाहून शिकून घेतली होती. इंद्रायणीवर धुके असते, पूर्वेकडे सूर्य अजून यायचा असतो, आणि आकाशाच्या तळाशी तांबडे फुटण्यापूर्वी कैरीच्या फोडीसारखा एक हिरवट उजेड येतो. तो फार थोडा वेळ टिकतो आणि बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही. कोंडीरामांच्या पडद्यावर तो होता. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, झुडपाच्या बुडाशी, ‘पेंटर कोंडीराम, भोसरी’ ही अक्षरेही होती. नट दरवर्षी बदलत, नाटके बदलत. ते नाव मात्र प्रत्येक खेळात शेवटपर्यंत उजेडात राही. त्यांच्या आयुष्यात त्या कोपऱ्याइतके मोलाचे दुसरे काही नव्हते.

स्वभावाने ते मत्सरी होते, हे नमूद केल्यावाचून त्यांचे चित्र पुरे होणार नाही. दुसऱ्या पेंटरचा पडदा लागला की ते उठून बाहेर जात आणि विडी ओढीत उभे राहत. विडी संपली तरी परतत नसत. एकदा आम्ही चाकणहून एसटीने येत असताना शेजारच्या बाईने खिडकीतून मावळतीकडे बोट दाखवून नवऱ्याला म्हटले, “काय रंग सांडलाय बघा.” कोंडीरामांचा चेहरा असा उतरला की जणू तिने त्यांच्यासमोर दुसऱ्या कोणाला शाबासकी दिली होती.

१९७० साली आमच्या मंडळाने कामगारांच्या नाट्यस्पर्धेत उतरण्याचे ठरवले. दिग्दर्शक मारुतराव, यंत्रशाळेचे फोरमन. नाटक धरणाखाली जाणाऱ्या एका गावाचे होते. शेवटच्या प्रवेशात सारे गाव निघून गेलेले असते आणि एक म्हातारा आपल्या अंगणात, प्रेक्षकांकडे पाठ करून, गावातली अखेरची पहाट होण्याची वाट पाहत बसून राहतो. ती भूमिका हिंदुराव नावाच्या टर्नरकडे होती. पहाटेसाठी कोंडीरामांचाच पडदा लागणार हे गृहीत धरून मी त्यांना कँटीनमधल्या बैठकीला बोलावून घेतले होते. त्याच बैठकीला उद्धवराव आले. हे आमच्या विद्युत विभागातले वायरमन. मूळचे उदगीरचे, राहायला संत तुकाराम नगरात. लहान चणीचे आणि बोलायला संथ.

“पडद्यावरली पहाट आधीच झालेली असती, साहेब,” ते मारुतरावांना म्हणाले. “पडदा दिसला की उजाडलं. मग म्हाताऱ्यानं वाट कशाची बघायची? मला एक कोरं पांढरं कापड द्या. मी हळूहळू उजाडून दावतो.”

“आन् कोऱ्या कापडावर रंग कुठनं येनार?” कोंडीरामांनी विचारले.

“दिव्यातून.”

“दिव्यातून उजेड येतो, वायरमन. रंग न्हाई येत.”

“बघा तर खरं.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कँटीनमध्येच त्याचा प्रयोग झाला. उद्धवरावांनी चिनी मातीच्या उंच बरण्या मिठाच्या पाण्याने भरून ओळीने मांडल्या होत्या. प्रत्येक बरणीत दोरीने टांगलेली एक शिशाची पट्टी. पट्टी पाण्यात खाली सोडली की त्या बरणीचा दिवा उजळे, वर ओढली की मंद होई. दिवे तेलाच्या रिकाम्या डब्यांत बसवलेले आणि तोंडावर रंगीत जिलेटिनचे कागद. समोर भिंतीवर एक साधी चादर टांगली होती. कँटीनमधले सारे दिवे मालवले, आणि त्या चादरीवर काळ्याचे निळे झाले, निळ्याचे जांभळे, आणि खालून तांबूस असे काही चढू लागले की चहाची किटली घेऊन निघालेला आचारी जागीच थांबला.

मी कोंडीरामांच्या शेजारी होतो. ते चादरीकडे पाहतच नव्हते. ते आचाऱ्याकडे, मारुतरावांकडे, बाकावरच्या कामगारांकडे पाहत होते. या सर्वांची तोंडे त्यांनी यापूर्वी अशीच उघडी राहिलेली पाहिली होती, पण तेव्हा ती त्यांच्या पडद्याकडे वळलेली होती.

“ही हलते आहे,” मारुतराव हळूच म्हणाले.

“कल्हईवाल्याची भट्टी पेटल्यावानी दिसतंय,” कोंडीराम म्हणाले.

पांढरे कापड शिवून, त्यावर खडूचा हात देऊन तयार करण्याचे काम मारुतरावांनी कोंडीरामांनाच दिले. ते नाकारतील असे मला वाटले होते; पण ते कबूल झाले. “दुसऱ्यानं केलं तर दुसऱ्याचं कापड माज्या जागंवर टांगलं जाईल,” ते मला म्हणाले. मग मारुतरावांकडे वळून त्यांनी विचारले, “नाव कुठं घालू?”

“पांढऱ्यावर नाव कसलं, पेंटर?” मारुतराव म्हणाले. “डाग पडल्यासारखं दिसेल.”

पुढे खळ्यावर काय घडले ते मला नंतर चतुराबाईंनी, म्हणजे कोंडीरामांच्या पत्नीने सांगितले. त्या सरस ढवळीत होत्या. खडूच्या घमेल्यात नवऱ्याने थोडी नीळ घातली, ती त्यांना समजली, पण तिच्यामागून हिरव्या रंगाची चिमूटही पडलेली पाहून त्यांनी विचारले, “पांढऱ्यात हिरवं कशापायी वो?”

“धुन्याला नीळ घालत न्हाईस तू?”

“नीळ घालत्ये. हिरवं न्हाई घालत.”

“तू ढवळ.”

कोंडीरामांचा हिशेब सरळ होता. हिरवट कापडावर लाल उजेड पडला की तो मळतो, शेणासारखा होतो. जन्मभर रंग कालवणाऱ्या माणसाला हे कोणी सांगावे लागत नाही. भर खेळात उद्धवरावांची पहाट शेणाची झाली म्हणजे मारुतराव पुढील वर्षी मुकाट्याने रंगवलेला पडदा मागायला येतील, आणि कोपऱ्यातले नावही परत येईल. सरस अजून वाळला नाही अशी सबब सांगून त्यांनी कापड खेळाच्या दिवसापर्यंत हाती दिले नाही. म्हणजे त्यावर दिव्यांची तालीम होण्याचा प्रश्नच मिटला. स्वतः मात्र त्यांनी ते कौलांवरून, दुपारच्या उन्हात, नीट पाहून घेतले. दुसऱ्या कोणत्या उजेडात पाहण्याचे त्यांच्या मनात आले नाही. उन्हात ते झक्क पांढरे दिसत होते.

“असा पांढरा मी लाँड्रीतसुद्धा पाहिला नाही,” कापड टांगताना मारुतराव म्हणाले.

खेळ चिंचवडला एका शाळेच्या सभागृहात झाला. कोंडीराम स्वच्छ धोतर नेसून, फेटा बांधून चतुराबाईंसह पुढच्या रांगेत बसले होते. दुसऱ्याच्या कामाला ते आपण होऊन पुढे बसल्याचे मी प्रथमच पाहत होतो. मी डाव्या विंगेत संहिता घेऊन उभा होतो आणि माझ्या पलीकडे उद्धवराव बरण्यांपाशी. शेवटचा प्रवेश आला. हिंदुराव पाठ करून बसले. निळा दिवा हळूहळू उजळला, आणि कापडाच्या तळाशी तो हिरवट उजेड दिसू लागला, जो मी मोशीच्या पुलावर कोंडीरामांनी दाखवला म्हणून एकदा पाहिला होता. मग लाल आला. क्षणभर सारे गढूळ झाले. उद्धवरावांच्या दोऱ्यांची काही धावपळ झाली, पाण्यातून वाफ उठली, आणि गढूळपण निवळून पिवळसर केशरी असे काही वर येऊ लागले. पडदा पडल्यावर थोड्या वेळाने टाळ्या सुरू झाल्या आणि बराच वेळ चालल्या.

प्रकाशयोजनेचे पारितोषिक उद्धवरावांना मिळाले. परीक्षकांनी भाषणात त्या हिरवट उजेडाचा मुद्दाम उल्लेख केला. निसर्गातली इतकी बारीक गोष्ट रंगमंचावर क्वचितच दिसते, असे ते म्हणाले. कोंडीराम मागे खांबाला टेकून ते ऐकत होते. ज्या कामाने शत्रूचे नाक कापायचे, त्याच कामाने शत्रूच्या गळ्यात हार पडला होता. आणि हे आपले काम आहे असे सांगायचे, तर ते का केले तेही सांगावे लागणार.

उद्धवराव हार काढून त्यांच्यापाशी आले. “कोंडीरामभाऊ, कापडाला काय लावलंत?”

“काय लावलं म्हंजे?”

“दिवे माझे तेच हायत. ते हिरवट आलं ते माझ्याकडलं नव्हं.”

कोंडीरामांनी त्यांच्याकडे निरखून पाहिले. त्या लहानशा चेहऱ्यावर त्यांना एक ओळखीची गोष्ट दिसली असावी, कारण ते एकदम ताठ उभे राहिले. “ते माजं हाय,” ते म्हणाले. “सांगायचं नसतं.”

त्या दिवसापासून मत्सराला दोन घरे मिळाली. दरवर्षी मंडळाला पांढरे कापड कोंडीरामांचेच हवे, असा उद्धवरावांचा हट्ट. आणि रंग कालवताना खळ्यावर कोणी यायचे नाही, अशी कोंडीरामांची अट. उद्धवरावांनी घरी धोतरे, चादरी, उशांचे अभ्रे रंगवून पाहिले. तो हिरवट काही साधेना. मग त्यांनी पत्नीला, सुमनताईंना, हळदीकुंकवाच्या निमित्ताने भोसरीला पाठवण्यास सुरुवात केली. चतुराबाई त्यांची ओटी भरीत, चहा पाजीत आणि पिठाच्या डब्यापलीकडचे काही नजरेस पडू देत नसत. हे कळले की कोंडीराम लहान मुलासारखे खूश होत. “वायरमनला झोप न्हाई लागत म्हनं,” ते मला सांगत.

त्यांनाही झोप लागत नव्हतीच. पारितोषिक दरवर्षी दिव्यांना होते, कापडाला नव्हते. वर्तमानपत्रात छायाचित्र आले ते उद्धवरावांचे. आळंदी रस्त्यावरच्या हॉटेलात चहा पिताना कोणी त्या पहाटेची गोष्ट काढली की कोंडीराम म्हणत, “बटन काय, कुनीबी दाबतंय.” हे उद्धवरावांपर्यंत पोचे आणि तिकडून उत्तर येई, “कापडाला चुना काय, कुणी बी लावतंय.” एकमेकांविषयी चांगला शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही, मात्र तिसरा कोणी एकाविषयी वाईट बोलला, तर दुसऱ्याला ते खपत नसे. बाकीच्या मंडळ्याही आता पांढरेच कापड मागू लागल्या होत्या. जुने रंगवलेले पडदे माळ्यावर गुंडाळून पडले.

१९७७-७८ च्या सुमारास कोंडीरामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू धरू लागला. पांढरे कापड त्यांना पिवळट दिसे, पण दोष डोळ्यांचा आहे असे त्यांना वाटत नव्हते. नीळ आता पूर्वीसारखी येत नाही, दुकानदार भेसळ करतात, अशी त्यांची तक्रार असे, आणि ते दरवर्षी थोडी अधिक घालीत. चतुराबाई एकदा म्हणाल्या, “आवंदा लई निळं झालंय.” त्यावर, “तुला दिसंना झालंय,” असे उत्तर त्यांना मिळाले. कापड मंडळाकडे येई, टांगले जाई, पहाट होई आणि टाळी पडे. मलाही कापड जरा निळसर वाटे; पण खेळात पहाट पूर्वीसारखीच दिसत असल्यामुळे मी त्याविषयी बोललो नाही.

१९८१ मध्ये एका नेत्रशिबिरात त्यांची शस्त्रक्रिया झाली. जाड भिंगांचा चष्मा लावून ते प्रथम कारखान्यात आले ते नव्या कापडाचे माप घ्यायला. भांडारात आदल्या वर्षीचे कापड घडी करून ठेवलेले होते. त्यांनी घडी उलगडली. मग त्यांनी चष्मा काढून पाहिले, पुन्हा लावून पाहिले. कापड शाळेच्या पोरांच्या विटलेल्या चड्ड्यांसारखे निळे होते.

“चला,” ते मला म्हणाले. “वायरमनकडं जायचंय. तुमी साक्षीला पायजे.”

संत तुकाराम नगरात उद्धवरावांच्या खोलीत आम्ही पोचलो तेव्हा ते दुसऱ्या पाळीसाठी निघण्याच्या तयारीत होते. सुमनताईंनी बसायला सतरंजी टाकली. कोंडीराम उभेच राहिले. त्यांनी काखेतले कापड जमिनीवर टाकले.

“ह्ये गेल्या साली मी दिल्यालं?”

“हो.”

“निळं हाय.”

“हाय.”

“आन् त्येच्या आदल्या सालचं?”

“ते थोडं कमी निळं होतं.”

“मग पहाट कशी झाली?”

उद्धवरावांनी चपला पुन्हा काढल्या. “अंबरचे, म्हणजे त्या पिवळ्या-केशरी रंगाचे कागद वाढवत गेलो. एकाचे दोन केले, दोनाचे तीन. निळा दिवा तर गेल्या साली लावलाच न्हाई, कापडच पुरलं.”

“कुनाला इचारून?”

“कुणाला विचारायचं? डोळ्याचं बोललो असतो तर तुम्ही कापड देणं बंद केलं असतं.”

“म्हंजे माज्या कापडावर तू तुजं रंगवत व्हतास.”

“दिव्यानं रंगवता येत न्हाई, असं तुम्हीच म्हणला होता.”

सुमनताईंनी चहा आणला. कोंडीरामांनी कप घेतला, पण तो हातातच राहिला. त्यांचा चेहरा पाहून मला वाटले की आता ते उठून जातील आणि पुन्हा कधी येणार नाहीत. त्याऐवजी ते सतरंजीवर बसले.

“पयल्या साली हिरवं मी तुजा इस्कोट कराया घातलं व्हतं,” ते म्हणाले.

“ठाऊक हाय.”

“कवा कळलं?”

“तिथंच. लाल सोडला अन् शेणकाला झाला. तवा लाल वर ओढला अन् अंबर सोडलं. घाईत हात पोळला माझा. ह्या बोटाला अजून खूण हाय.”

“म्हंजे ती पहाटबी तुजीच.”

“लालापासून पुढची माझी,” उद्धवराव म्हणाले. “पहिलं हिरवट तुमच्या कापडाचं होतं. कशापायी घातलं ते तुमचं तुम्हाला. मला ते आजवर जमलं न्हाई.”

“दहा वर्सं मला भोसरीला धाडलं ह्यांनी त्या हिरव्यापायी,” सुमनताई मध्येच म्हणाल्या. “चतुराबाई निस्ता चहा पाजायच्या. माझ्या घरात एक उशी पांढरी राहिली न्हाई.”

कोंडीरामांच्या तोंडावर किंचित समाधान उमटले आणि लगेच मावळले. चहा त्यांनी एका घोटात संपवला. “औंदा मी तुज्या बरन्यांपाशी बसनार,” ते म्हणाले.

“कशाला?”

“तू माजं काय काय बदलतोस ते बगाया. मला आता दिसतंय.”

त्या वर्षी मंडळाने मारुतरावांच्या आग्रहावरून धरणाचे तेच नाटक पुन्हा बसवले. कोंडीरामांनी कापड नव्या डोळ्यांनी रंगवले. ते तालमीला येऊ लागले आणि आमची शिस्त संपुष्टात आली. प्रत्येक दिव्यावरून दोघांची जुंपे. हा कागद फिका, तो भडक. हे कापड जाड, तो दिवा जवळ. मारुतरावांनी दोनदा तालीम सोडून घरी जाण्याची धमकी दिली. विंगेत बाहेरच्या माणसाने बसू नये असा मंडळाचा नियम होता आणि तो मीच केलेला होता. कोंडीरामांचे नाव मी सहायकांत लिहून घेतले.

खेळाच्या संध्याकाळी ते उद्धवरावांच्या उजव्या हाताला स्टुलावर बसले. हिंदुराव आता स्वतःच म्हातारपणाकडे झुकले होते; ते अंगणात पाठ करून बसले. निळा दिवा उजळू लागला आणि कापडाच्या तळाशी हिरवट कड उमटली.

“थांब,” कोंडीराम कुजबुजले.

उद्धवरावांचा हात दोरीवर थांबला.

“ऱ्हाऊ दे. अजून ऱ्हाऊ दे.”

आजवर ते हिरवट आले की सरून जाई. या खेपेस ते राहिले. हिंदुरावांची पाठ, अंगणातला रिकामा गोठा, उंबरठा, सारे त्या थंड उजेडात दिसू लागले, आणि पुढच्या रांगेत कोणी बाईने पदर तोंडाशी नेला.

“आता सोड.”

अंबर चढले. उद्धवरावांनी डाव्या हाताने शेवटची दोरी धरली.

“लाल नको,” कोंडीराम म्हणाले.

उद्धवरावांनी पट्टी पाण्यात सोडली. अगदी थोडी. म्हाताऱ्याच्या पांढऱ्या केसांच्या कडेला तांबूस रेघ उमटली आणि त्याच क्षणी टाळी सुरू झाली. पडदा पडेपर्यंत ती थांबली नाही.

“लाल नको म्हनलं व्हतं मी,” कोंडीराम स्टुलावरून उठत म्हणाले.

“टाळी लालवर पडली, कोंडीरामभाऊ.”

“हिरवं थांबलं म्हनून लालवर पडली.”

“थांबवलं कुणी? हात कुणाचा होता?”

“थांब कोन म्हनलं?”

मारुतराव घाम पुशीत विंगेत आले. दोघांपैकी कोणाचा हात आधी धरावा याचा त्यांना निर्णय होईना, म्हणून त्यांनी हात जोडले. “पहाट उत्तम झाली,” ते म्हणाले.

“कुनाची?” कोंडीरामांनी विचारले. उद्धवरावही उत्तरासाठी थांबले होते.

मारुतराव फोरमन होते. भांडण मिटवण्याची त्यांना सवय होती. बाहेर प्रेक्षक अजून हिंदुरावांना बोलावीत होते. “म्हाताऱ्याची,” ते म्हणाले आणि हिंदुरावांना पुढे ढकलायला निघून गेले.

उद्धवरावांनी बरणीतली पट्टी काढून कोरड्या फडक्याने पुसली. “हिंदुराव तर निस्ता बसला होता,” ते म्हणाले.

“त्येबी पाठ करून,” कोंडीराम म्हणाले.